आधी कान, मग तोंड: हॅम उपग्रहांसाठी कमी खर्चातलं सामान

एसओ-५० या छोट्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, उपग्रहाच्या ट्रान्समीटरची ताकद पाव वॅट आहे, म्हणजे पाच वॅटच्या हँडीच्या, हातात धरायच्या रेडिओच्या, विसावा हिस्सा. डिसेंबर २००२ मध्ये सोडलेला हा उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हा आपल्यापासून जवळजवळ तीन हजार किलोमीटर दूर असतो. तरीही लाकडी पट्टीवर ठोकलेल्या घरगुती यागी अँटेनावर त्याच्यातून येणारे आवाज कळतात. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही, झाड नाही. वाट सरळ मोकळी आहे.

हे आधी सांगायचं कारण असं की उपग्रह म्हटलं की लोक पहिल्यांदा महागडा रेडिओ शोधायला लागतात. मीही तेच केलं होतं. पाच वॅटने उपग्रहापर्यंत आवाज सहज पोहोचतो. अडचण असते ती त्याचं ऐकण्याची. म्हणून खर्चाचा क्रम उलटा लावा: आधी अँटेना, मग रिसीव्हर, मग केबल, आणि बोलण्याचं सामान सगळ्यात शेवटी. बोलायला प्रत्येक देशात हौशी रेडिओचा परवाना लागतो. ऐकण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, तेही एकदा पाहून घ्या.

काहीही विकत घेण्याआधी

पहिले दोन-चार दिवस एक पैसाही खर्च करू नका. इंग्लंडमधल्या गूनहिली इथे क्यूओ-१०० या भूस्थिर उपग्रहासाठी वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर, बसवलेला आहे. ब्राउझरमध्ये तो उघडला की हॅम मंडळींच्या गप्पा थेट ऐकता येतात. साइडबँडचा (एफएमहून वेगळ्या प्रसारणपद्धतीचा) आवाज कसा लागतो, कोण किती नेमकं बोलतं, कॉलसाइन, म्हणजे प्रत्येक हॅमची ओळखखूण, कशी सांगतात, याचा कान इथेच तयार होतो.

दुसरं, फोनमध्ये उपग्रहांचा माग काढणारं ॲप टाका. अँड्रॉइडवर लुक-फोर-सॅट मोफत आहे, संगणकावर जीप्रेडिक्ट. दोन्हीला तीन गोष्टी अचूक लागतात: तुमचं ठिकाण, उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती आणि घड्याळ. कक्षेची माहिती, म्हणजे टीएलई, आठवड्यातून एकदा तरी ताजी करा. घड्याळाचं तर विचारूच नका. एकदा माझ्या लॅपटॉपचं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं. मी पश्चिमेकडे अँटेना रोखून उपग्रह उगवायची वाट बघत बसलो, आणि तोवर तो डोक्यावरून पुढे निघूनही गेला होता. दहा मिनिटांच्या पासमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या आकाशातल्या एका फेरीत, तीन मिनिटं म्हणजे फार झाली.

तिसरं, ॲम्सॅट या हॅम उपग्रहांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर उपग्रहांच्या स्थितीचा तक्ता असतो. आज कोणता उपग्रह कुणी ऐकला हे तिथे हॅम लोक स्वतः नोंदवतात. जुन्या लेखांत वाचून एखाद्या उपग्रहाच्या मागे लागाल आणि तो कधीच गप्प झालेला असेल. हवामानाची चित्रं पाठवणारे नोआ या अमेरिकी संस्थेचे उपग्रह अनेक मार्गदर्शकांत अजूनही पहिला धडा म्हणून दिलेले दिसतात, पण ते २०२५ मध्ये बंद झाले. उलटही होतं. १९७४ चा एओ-७ बॅटरी निकामी होऊन १९८१ मध्ये गप्प झाला, तो २००२ मध्ये पुन्हा बोलू लागला. आता तो बॅटरीशिवाय, निव्वळ उन्हावर चालतो.

रिसीव्हर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे आरटीएल-एसडीआर डोंगल. मुळात ही टीव्ही बघण्यासाठी केलेली यूएसबी काडी. तिच्यातली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चा सिग्नल थेट संगणकाला देऊ शकते हे लोकांच्या लक्षात आलं आणि सगळा खेळ बदलला. आर८२०टी२ ट्यूनर असलेली काडी साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. घेताना एकच गोष्ट बघा: आत टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाने न हलणारा स्फटिक आहे का. नसेल तर काडी तापल्यावर वारंवारता सरकते. ५० पीपीएमची (दशलक्षात पन्नासची) चूक ४३७ मेगाहर्ट्झवर जवळजवळ २२ किलोहर्ट्झ होते, आणि मग सिग्नल डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, हलतोय की काडीमुळे, हेच कळत नाही. सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एसडीआर प्लस प्लस मला सगळ्यात सुटसुटीत वाटतं.

या काडीचा मोठा फायदा म्हणजे धबधबा, अर्थात पडद्यावर वरून खाली सरकत जाणारं वारंवारतांचं चित्र. सिग्नल कानाला कळायच्या आधी डोळ्याला दिसतो. उपग्रहाचा सिग्नल तिथे तिरका वाकत जाणाऱ्या रेषेसारखा उमटतो. आसपासच्या चार्जर, एलईडी दिव्यांच्या गोंगाटाच्या रेषा सरळ उभ्या राहतात. एकदा हा फरक बघितला की परत चुकत नाही.

परवाना असेल आणि पुढे बोलायचंच असेल, तर सोबत एक स्वस्त दोन बँडची एफएम हँडी घ्या. बाओफेंग यूव्ही-५आर जातीची कुठलीही चालेल. फक्त सेटिंग बदलून घ्या. स्क्वेल्च शून्यावर, बॅटरी वाचवणारी सोय बंद, दोन वारंवारतांवर आळीपाळीने कान देणारी टीडीआर बंद, बँडविड्थ वाइड. टोन, म्हणजे उपग्रहाचं दार उघडणारा खालच्या पट्टीतला सूर, फक्त पाठवण्याच्या बाजूला लावा, ऐकण्याच्या बाजूला अजिबात नाही. नवख्या माणसाला पहिल्या पासमध्ये काहीच ऐकू येत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा स्क्वेल्च असतं. उपग्रहाचा सिग्नल क्षीण असतो, आणि स्क्वेल्च त्याला गोंगाट समजून दारातूनच परत पाठवतं.

अँटेना: इथे वेळ घालवा

हँडीसोबत आलेली रबरी अँटेना बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक डोक्यावर असताना तिच्यावर क्वचित काही ऐकू येतं, पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही. स्थानक क्षितिजावर असताना साधारण २३०० किलोमीटर दूर असतं, डोक्यावर आलं की ४२० च्या आसपास. या दोन टोकांमध्ये सिग्नलच्या ताकदीत सुमारे ३० पटींचा फरक पडतो. बहुतेक पास बुटके असतात, डोक्यावरून जाणारे थोडे. अँटेना लागते ती या बुटक्या पाससाठी.

निव्वळ ऐकायचं असेल तर पहिली अँटेना अर्ध्या तासात होते. प्रत्येकी ४९ सेंटीमीटरच्या दोन तारा घ्या, एक केबलच्या मधल्या तारेला, दुसरी जाळीला. दोन्ही जमिनीला समांतर ठेवून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, १२० अंशांत पसरवा. गच्चीवर किंवा मोकळ्या जागी लाकडी काठीला बांधा. एवढ्यावर १४५ मेगाहर्ट्झचे बरेच सिग्नल येतात.

खरी मजा मेजरिंग टेपच्या यागीत आहे. ही रचना मुळात लपवलेला ट्रान्समीटर शोधण्याच्या खेळासाठी केलेली होती. झुडपातून पळताना अँटेना वाकली तरी परत सरळ व्हावी, म्हणून पोलादी टेप. आपल्याला तिचा हलकेपणा उपयोगी पडतो.

एक इंच रुंदीची जुनी पोलादी टेप, अर्धा इंची पीव्हीसी पाइप, त्याचे टी आणि क्रॉस जोड आणि सहा होज क्लिपा जमवा. पत्रा कापायच्या कात्रीने टेपचे चार तुकडे करा. मागचा, म्हणजे रिफ्लेक्टर, १०५ सेंटीमीटर. पुढचा डायरेक्टर ८९ सेंटीमीटर. मधल्या घटकाचे दोन अर्धे, प्रत्येकी ४५ सेंटीमीटर. रिफ्लेक्टरपासून मधल्या घटकापर्यंत २० सेंटीमीटर आणि तिथून डायरेक्टरपर्यंत ३२. मधल्या दोन अर्ध्यांत अडीच सेंटीमीटरची फट ठेवा, ते एकमेकांना टेकता कामा नयेत. कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात; टोकं गोल करून त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा. मी हे पहिल्यांदा केलं नाही आणि अंगठ्याला पट्टी लावूनच पहिला पास बघितला.

आता सोल्डर. टेपवरचा पिवळा रंग आणि त्याखालचा थर पॉलिश पेपरने पार घासून काढा, चकचकीत पोलाद दिसेपर्यंत. पोलाद उष्णता पटकन ओढून घेतं, म्हणून सोल्डर करायची बारीक टोकाची लहान इस्त्री पुरत नाही. जाड टोकाची घ्या. आधी टेपवर सोल्डरचा पातळ थर चढवा, मग त्यावर तार बसवा. सोल्डर मोत्यासारखं गोल राहून घरंगळलं तर समजा रंग उरलाय, पुन्हा घासा. सोल्डर पसरलं की काम झालं. केबलची मधली तार एका अर्ध्याला, जाळी दुसऱ्याला. याच दोन बिंदूंमध्ये पावणेतेरा सेंटीमीटर जाड तारेचा यू आकार जोडा, त्याच्या दोन पायांमध्ये साधारण दोन सेंटीमीटर अंतर. हा यू म्हणजे हेअरपिन. याच्यामुळे अँटेना ५० ओहमच्या केबलशी जुळते. जोडाच्या मागे केबलचे पाच-सहा वेढे बूमवर, म्हणजे घटक धरणाऱ्या पाइपच्या दांड्यावर, घट्ट गुंडाळा, म्हणजे केबलची जाळी स्वतःच अँटेना होऊन बसत नाही.

जवळ नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजणारं छोटं यंत्र असेल किंवा कुणाचा मागून आणता आला तर जुळणी तपासा. ओपन, शॉर्ट आणि लोड हे तीन जोड लावून कॅलिब्रेशन झाल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. १४५.८ ते १४६ मध्ये एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणीचा आकडा, दीडच्या आत आला की हात आवरा. एक दशांशासाठी टेप कापत बसणारे मी बघितलेत. त्यांची अँटेना छोटी होत जाते आणि उपग्रह निघून जातात.

७० सेंटीमीटर बँडसाठी, म्हणजे ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झसाठी, हा ढिसाळपणा चालत नाही. दोन मीटर बँडच्या, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या, अँटेनात पाच मिलिमीटर चुकले तर जुळणी पाऊण मेगाहर्ट्झने सरकते. ७० सेंटीमीटरवर तेवढीच चूक सहा-सात मेगाहर्ट्झ खाते. इथे चीप यागी नावाने ओळखली जाणारी, लाकडी पट्टीवरची सहा-सात घटकांची रचना करा. घटक तीनेक मिलिमीटर जाडीच्या सरळ सळईचे, आणि मधला घटक जे अक्षरासारखा दुमडलेला असल्याने वेगळी जुळणी लागत नाही. मापं मूळ आराखड्यातूनच घ्या आणि सळईची जाडीही तीच ठेवा. हाताने करायचं नसेल तर दोन्ही बँड एकाच बूमवर असलेली तयार ॲरो अँटेना किंवा एल्कची लॉग पिरिऑडिक हे जुने, नावाजलेले पर्याय आहेत.

आणि मनगट. पुस्तकात वाचून ही गोष्ट गळी उतरत नाही. उपग्रह फिरत असतो, त्याच्या लहरींचा आडवा-उभा कल सतत बदलतो. अँटेना अगदी बरोबर दिशेला असूनही आवाज बुडाला तर दिशा बदलू नका. बूम दाराच्या मुठीसारखा हळूहळू फिरवा. आडव्यापासून उभ्याकडे जाताना मध्येच एका कोनात खरखर विरते आणि माणूस शेजारी बसल्यासारखा बोलायला लागतो.

केबल आणि जोड

आरजी-५८ केबल दहा मीटर वापरली तर ४३५ मेगाहर्ट्झवर निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच संपतो. अँटेना हातात असेल तर दीड-दोन मीटर केबल पुरते, आणि मग तिचा प्रकार फारसा महत्त्वाचा उरत नाही. लांब केबल टाकायचीच असेल तर फक्त ऐकण्यासाठी टीव्हीची आरजी-६ बिनधास्त वापरा. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक नाकं मुरडतात, पण त्या फरकाने होणारं नुकसान नगण्य असतं आणि केबलचं स्वतःचं नुकसान आरजी-५८ पेक्षा पुष्कळ कमी.

जोडांमध्ये एक सापळा आहे. अनेक स्वस्त हँडींवरचा एसएमए जोड इतर रेडिओंच्या उलट, नराचा असतो. डोंगलवर मादीचा. अडॅप्टर मागवण्याआधी दोन्हीकडे नीट बघा. हँडीच्या छोट्या जोडावर जाड केबलचं वजन टाकू नका, मध्ये आरजी-३१६ चा वीतभर तुकडा घाला.

पहिला पास

अंतराळस्थानकापासून सुरुवात करा. ते साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतं, आणि त्याचा सिग्नल इतर छोट्या उपग्रहांच्या मानाने दणदणीत असतो. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर एपीआरएसचे, म्हणजे छोट्या मजकुरी संदेशांचे, पॅकेट कर्र-कर्र करत येतात. डायरवुल्फ सॉफ्टवेअर ते वाचून दाखवतं. विशेष प्रसंगी १४५.८०० वर एसएसटीव्ही, म्हणजे आवाजाच्या रूपातली स्थिर चित्रं पाठवतात. फोनवरचं रोबोट-३६ ॲप उघडून फोन हँडीच्या स्पीकरजवळ धरला तरी चित्र उतरतं, तारही लागत नाही. पीडी-१२० पद्धतीत एका चित्राला दोन मिनिटं लागतात आणि दोन चित्रांमध्ये थांबाही असतो, म्हणून एका पासमध्ये दोन-तीनच चित्रं पदरात पडतात. स्थानकावरचा रेडिओ कधी रिपीटर (ऐकलेलं लगेच परत पाठवणारा) म्हणून चालतो, कधी एपीआरएस म्हणून, कधी बंदच असतो. आरिस, म्हणजे स्थानकावरचा हॅम रेडिओ चालवणाऱ्या संस्थेच्या पानावर आजची स्थिती पाहूनच बाहेर पडा.

ॲपमधून चार गोष्टी कागदावर लिहा: उगवण्याची वेळ आणि दिशा, सर्वांत उंच बिंदूची वेळ, मावळण्याची दिशा. पाच मिनिटं आधी बाहेर या, आकाशातला तो मार्ग एकदा हाताने रेखून बघा. टेपची यागी रुंद बघते, वीसेक अंश इकडेतिकडे झालं तरी भागतं.

डॉप्लरसाठी मेमरी

जवळ येणाऱ्या उपग्रहाची वारंवारता चढी ऐकू येते, लांब जाताना उतरती. दोन मीटरवर हा फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आत, त्यामुळे एफएमवर दुर्लक्ष चालतं. ७० सेंटीमीटरवर तो दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. हँडीवर फिरवायची चकती नसते, म्हणून पाच मेमरी आधीच भरून ठेवा. स्थानकाच्या रिपीटरसाठी अशा:

१. ऐकणे ४३७.८१०, पाठवणे १४५.९९०, टोन ६७
२. ऐकणे ४३७.८०५, बाकी तेच
३. ऐकणे ४३७.८००
४. ऐकणे ४३७.७९५
५. ऐकणे ४३७.७९०

एसओ-५० साठी याच पद्धतीने ऐकणे ४३६.८०५ पासून ४३६.७८५ पर्यंत, पाठवणे १४५.८५०, टोन ६७. त्याच्यासाठी सहावी मेमरी ७४.४ टोनची ठेवा. या उपग्रहात दहा मिनिटांचा टायमर आहे, तो ७४.४ चा टोन दोन सेकंद पाठवला की सुरू होतो. पहिल्या मेमरीवर सुरुवात करा, आवाज चिरका-फाटका झाला की पुढची दाबा. सगळ्यात घाईचा क्षण उपग्रह सर्वांत उंच असताना येतो, तेव्हा वारंवारता भराभर घसरते.

बोलायची वेळ

स्वतःला उपग्रहातून परत ऐकता येत नसेल तर बोलू नका. हॅम लोक अशा माणसाला मगर म्हणतात: तोंड मोठं, कान नाहीत. तो दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलत राहतो आणि त्याला पत्ताही नसतो. साधी हँडी एका वेळी एकच काम करते, म्हणून स्वस्तातला उपाय असा: पाठवायला हँडी आणि दोन मीटरची यागी, ऐकायला डोंगल आणि ७० सेंटीमीटरची यागी, कानाला हेडफोन. हेडफोन नसेल तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून किंकाळी उठते.

इथे एक कटकट येते. १४५.९९० ला तीनने गुणा: ४३७.९७०. आपण ऐकतोय ४३७.८०० वर. स्वस्त हँडी स्वतःच्या वारंवारतेच्या तिप्पट जागीही थोडं बोलते, आणि ते डाउनलिंकच्या, म्हणजे उपग्रहाकडून खाली येणाऱ्या सिग्नलच्या, शेजारीच पडतं. शिवाय पाच वॅट इतक्या जवळून आले की डोंगल बधिर होतं. तपासायचं सोपं आहे: उपग्रहाचा सिग्नल ऐकत असताना क्षणभर पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबा. ऐकू येणारा आवाज बसला किंवा धबधब्याची पार्श्वभूमी एकदम उजळली, तर हाच दोष. हँडीच्या बाजूला लो-पास (वरच्या वारंवारता अडवणारा) फिल्टर आणि डोंगलच्या बाजूला हाय-पास (खालच्या अडवणारा) फिल्टर लावा. दोन्ही कामं एक डिप्लेक्सरही करतो, आणि दोन बँडच्या एकत्र अँटेनाला तो तसाही लागतो. तोवर निदान दोन्ही अँटेना एकमेकींपासून लांब आणि एक आडवी, एक उभी धरा.

बोलणं अगदी थोडं: समोरच्याची कॉलसाइन, तुमची कॉलसाइन, तुमचा चार अक्षरांचा ग्रिड, म्हणजे ठिकाणाची खूण. त्याने उलट ग्रिड दिला की धन्यवाद म्हणून बाजूला व्हा. एफएम उपग्रहात एका वेळी एकच माणूस मावतो. पासचं रेकॉर्डिंग चालू ठेवा; एका हातात अँटेना, दुसऱ्यात रेडिओ असताना लिहायला तिसरा हात नसतो.

पुढची पायरी

एफएमची गर्दी नकोशी झाली की साइडबँडच्या उपग्रहांकडे वळा. २०१९ च्या डिसेंबरात गेलेला आरएस-४४ त्यासाठी उत्तम. तो बराच उंच फिरतो, त्यामुळे पास वीस मिनिटांच्या घरात जातो आणि घाई नसते. त्याचं डाउनलिंक ४३५.६१० ते ४३५.६७०, अप्पर साइडबँड. अपलिंक, म्हणजे आपण वर पाठवतो ते, १४५.९३५ ते १४५.९९५, लोअर साइडबँड. बँड उलटा बसवलेला आहे: तुम्ही वर सरकलात की आवाज खाली जातो. ऐकायला तेच डोंगल चालतं. पाठवायला मात्र साइडबँडचा रेडिओ लागतो, आणि तिथे जुना, वापरलेला एफटी-८१७ शोधा. पाच वॅट भरपूर आहेत.

क्यूओ-१०० ज्यांना दिसतो त्यांनी तर डिश आणि एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा रिसीव्हरचा तुकडा) एवढ्यावरच ऐकणं सुरू करावं. २०१८ मध्ये गेलेला हा उपग्रह २५.९ अंश पूर्वेला जागीच उभा आहे. माग काढायचा प्रश्नच नाही. ६० ते ९० सेंटीमीटरची जुनी टीव्ही डिश, पीएलएल जातीचा साधा एलएनबी. डाउनलिंक १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतं, एलएनबी त्यातून ९७५० वजा करतो, आणि ७३९.५ वर तुमचं डोंगल ऐकतं. एलएनबीला १२-१३ व्होल्ट वेगळ्या इंजेक्टरने, म्हणजे केबलमधूनच वीज पोहोचवणाऱ्या डबीने, द्या. डोंगलमधली तशीच सोय, बायस-टी, साडेचार व्होल्टच देते, आणि बाहेरचे व्होल्ट डोंगलमध्ये शिरले तर डोंगल गेलं. उन्हात एलएनबी तापला की सगळं सरकतं. उपग्रहाचा बीकन, म्हणजे ठरलेल्या जागी सतत येणारा खुणेचा सिग्नल, धरून दुरुस्ती करत राहा.

जे घ्यायची घाई करू नये

पॉवर ॲम्प्लिफायर अजिबात नको. उपग्रहावर जास्त वॅट फेकले की त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे सगळ्यांचे सिग्नल एकत्र परत पाठवणारं यंत्र, फक्त तुमच्याकडे बघतो आणि बाकीचे सगळे बारीक होतात. अँटेनाजवळचा प्रीॲम्प, म्हणजे येणारा सिग्नल वाढवणारा, केबल लांब असेल तेव्हाच कामाचा, आणि तोही ज्या अँटेनावरून बोलता तिच्यावर बसवला तर पहिल्याच पीटीटीला जळतो. दोन्ही दिशांना फिरणारा रोटर ही बहुतेकांची स्वप्नातली खरेदी, पण हातात अँटेना धरून शंभरेक पास झाल्याशिवाय त्याची खरी गरज कळत नाही. हात दुखायला लागले तर कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घ्या. आणि अँटेना पक्की बसवायचीच ठरवलीत, तर जुना टीव्ही रोटर फक्त दिशा फिरवायला वापरा आणि यागी वर १५ अंशांवर कायमची तिरकी करून टाका. डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये मध्ये थोडा सिग्नल पडेल, पण तेव्हा उपग्रह इतका जवळ असतो की तो तसाही ऐकू येतो.